भिंतीवरचे वैद्य आणि घरातले मौन

ओरत्तनाडूस सरफोजीराजांनी १८०२ साली बांधविलेले मुक्तांबाळ छत्र अजून उभे आहे. याच राजाने तंजावरास धन्वंतरी महाल स्थापिला व वैद्यांकडून औषधे पारखून त्यांचे ग्रंथ रचविले. त्याच्या मुलखात ‘पुरुषत्वाची वाढ’ करून देणारे वैद्य अमुक तारखेस अमुक लॉजमध्ये भेटण्याची जाहिरात करतात, हा दैवदुर्विलास खराच. परंतु माझा रोष आम्हा सभ्य मराठी गृहस्थांवर अधिक आहे. त्यांचे दुकान आमच्या मौनावर चालते.

मुलाचे जननेंद्रिय अपुरे दिसले की आमच्या घरांत दोन निदाने ठरलेली. लहानपणी ‘वयात आला की होईल नीट’. वयात आल्यावर ‘वाईट सवयीचा परिणाम’. पहिल्याने वेळ जातो, दुसऱ्याने मुलगा खचतो. वस्तुतः लिंगाची घडण गर्भाच्या आठव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वृषणांतून स्रवणाऱ्या टेस्टोस्टेरॉनमुळे होते. पुढील वाढीस मेंदूतील पिट्यूटरी ग्रंथीची प्रेरणा लागते. ती प्रेरणाच न मिळणे, वृषण दुबळे असणे, किंवा शरीराने त्या स्रावास दाद न देणे, ही प्रमुख कारणे. कालमन विकारात तर मुलाला वासही येत नाही वा फार कमी येतो; ही दोन लक्षणे एकत्र मांडण्याचे कोणत्या आईबापांना सुचते? पुष्कळदा इंद्रिय यथायोग्य असून स्थूल मुलाच्या चरबीत केवळ दडलेले असते. जन्मापूर्वीच्या उणिवेला चौदाव्या वर्षाची सवय कारण कशी व्हावी?

र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून असल्या विषयांवर निर्भीडपणे लिहिले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी वकिली केली, तरी दंड झालाच. आज कायदा भोंदूंच्या विरुद्ध आहे. औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टाप्रमाणे लिंगाचा आकार वाढविण्याचा दावा कोणत्याही औषधास करता येत नाही. रजेच्या नियमांतील स्वल्पविराम जाणणाऱ्या आम्हा कारकुनांस हे परिशिष्ट तेवढे ठाऊक नसते!

आणि काळ थांबत नाही. सहा महिन्यांतही वृषण उतरले नाहीत, तर दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. तान्हेपणी टेस्टोस्टेरॉनच्या मोजक्या मात्रेने लहान इंद्रिय बहुधा वाढते. ‘बदलीचे गाव, डॉक्टर अनोळखी, भाषा येत नाही’ ही सबब मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. तंजावरास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोजपट्टीला आणि रक्ततपासणीला तमिळ यावे लागत नाही.