जिना कोणासाठी?

आमच्या घरी आलेली मंडळी जिन्यापाशी हमखास थबकतात. "अरे, एवढा छान ओक! त्याच्यावर हे कार्पेट कशाला घातलंस?" इतक्या जणांनी विचारून झालं आहे, की आता स्मरणिकेतून एकदाच उत्तर देऊन टाकतो. मंडळी, आपल्यासारख्यांच्या घरात चकचकीत उघडा जिना ठेवणं ही चूक आहे. मी ती केलेली आहे, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय.

२०१४ साली घर घेतलं तेव्हा जिन्यावर मळकं कार्पेट होतं. ते उचकटलं तर खाली रेड ओक! मग काय, घासून, स्टेन लावून पॉलियुरेथेनचे तीन हात दिले. रिअल्टर म्हणाला, "विकताना किंमत चांगली येईल." आम्ही खूश.

२०१८ च्या डिसेंबरात आई-बाबा आले. दारात जोडे काढायचे हा आपला नियम, बाहेर बर्फ, म्हणून पायांत लोकरीचे मोजे. देवघर वरच्या मजल्यावर. पूजा आटोपून आई दोन्ही हातांत ताम्हन धरून उतरत होती, आणि पाय सटकला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. इमर्जन्सी रूममध्ये ती मलाच समजावत होती, "तुझी काही चूक नाही रे, मीच बघून उतरायला हवं होतं." त्यानंतर परत जाईपर्यंत ती एकदाही वर गेली नाही. आम्ही देव खाली आणले.

चूक तिची नव्हती. ती पुण्याच्या वाड्यात वाढली. तिथला जिना उभा, अंधारा, धरायला दोर. पण लाकूड कोरं होतं आणि पाय अनवाणी. इथे पाय मोज्यात, आणि आपण ज्याला लाकूड म्हणून मिरवतो त्याच्यावर प्लास्टिकचा पापुद्रा!

कोणी म्हणेल, जिना नियमाप्रमाणेच आहे. असेलही. बहुतेक राज्ये ज्या निवासी संहितेचा आधार घेतात, तिच्यात पायरीची उंची जास्तीत जास्त पावणेआठ इंच, खोली कमीत कमी दहा इंच आणि कठडा ३४ ते ३८ इंचांवर असं लिहिलेलं आहे. इन्स्पेक्टर हे सगळं मोजतो. तुमची आई मोजे घालून ताम्हन घेऊन उतरते का, हे तो विचारत नाही. ते आपण विचारायचं. सीडीसी सांगते, की पासष्टीपुढच्या चारांतला निदान एक जण दरवर्षी कुठे ना कुठे पडतो. बायफोकल चष्म्यातून तर खालची पायरी धूसर दिसते, आणि चकाकीत तिची कड हरवते.

दुसरा आक्षेप, "आम्ही सॅटिन फिनिश दिलंय." चकाकी कमी म्हणजे घसरण कमी, हा गैरसमज आहे. त्या दोन निराळ्या गोष्टी. लाकूड उघडंच ठेवायचं असेल, तर शेवटच्या हातात घसरण रोखणारी बारीक पूड मिसळून मिळते, ती घाला. पायाला किंचित खरखर लागेल. लागू द्या.

तिसरा, "कार्पेटमध्ये धूळ बसते." बसते, म्हणून व्हॅक्यूम करायचा. पूर्ण जिना झाकायचीही गरज नाही. मधोमध पट्टा, म्हणजे रनर टाका. दोन्ही बाजूंना तुमचा ओक दिसत राहील. मात्र रनर आखूड लवीचा, खालचं पॅड पातळ आणि घट्ट हवं. जाड गुबगुबीत पॅडने पायरीची कड गोलमटोल होते आणि पाऊल तिथूनच निसटतं. रंग एकसारखा घ्या, गिचमिड नक्षीत कड दिसत नाही. आणि तो स्टेपल मारून पक्का बसवा. नुसता अंथरलेला पट्टा उघड्या लाकडापेक्षा वाईट.

राहता राहिली किंमत. आपण घर विकू तेव्हा जो कोणी अनोळखी माणूस येईल, त्याच्या आवडीसाठी आज आपल्या आईला घसरगुंडीवरून उतरवायचं? रनर काढायला एक दिवस लागतो. भोकं बुजवून पुन्हा एक हात मारला, की झाला जिना विक्रीला तयार. मनगट इतक्या सहज दुरुस्त होत नाही.

आपल्यातले निम्मे लोक सॉफ्टवेअरवाले. दहा वेळा टेस्टिंग केल्याशिवाय काही प्रॉडक्शनमध्ये टाकत नाही. मग आई-बाबांची तिकिटं काढण्याआधी एक टेस्ट घरीही करा. लोकरीचे मोजे घाला, दोन्ही हातांत कपड्यांची बास्केट घ्या आणि आपल्याच जिन्यावरून हळूहळू उतरून बघा. अर्ध्यावर भीती वाटली, तर तिकिटांच्या आधी रनरची ऑर्डर द्या.