'आज नको' म्हणण्याचा अधिकार

महाराष्ट्रातील प्रवासाची जुनी परंपरा ही मुख्यतः यात्रेची परंपरा आहे, आणि यात्रेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात कोठे जायचे याइतकेच केव्हा जायचे, कोणत्या वाटेने जायचे आणि तेथे पोचल्यावर काय करायचे नाही, हेही पूर्वापार ठरलेले असते. आषाढी-कार्तिकीचे पंढरपूर, चैत्रातले जोतिबा आणि शिखर शिंगणापूर, सोमवतीची जेजुरी ही स्थळे नेमक्या तिथींना माणसांनी फुलून जात आणि उरलेल्या दिवसांत तेथील पाणी, रान आणि माणसे यांना उसंत मिळे. पर्यटन हा व्यवहार त्या मानाने अलीकडचा असून त्याला तिथी नाही, नेम नाही आणि सहसा यजमानाची संमतीही लागत नाही. समाजमाध्यमांनी या व्यवहाराला असा वेग दिला आहे की काल-परवापर्यंत केवळ गुराख्यांना ठाऊक असलेला धबधबा येत्या रविवारी हजारो माणसांचे ठिकाण होऊ शकतो. म्हणूनच संस्कृती, धर्म आणि समाजमाध्यमे यांचा पर्यटनाशी असलेला संबंध तपासताना सौंदर्य, श्रद्धा आणि उत्पन्न यांच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो, तो असा की येणाऱ्याला 'आज नको' असे सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे.

'शाश्वत विकास' ही संज्ञा १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे जगभर रूढ झाली. पुढील पिढ्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता न गमावता आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, असा तिचा थोडक्यात अर्थ. पर्यटनाच्या संदर्भात ती वापरताना अभ्यासक 'धारणक्षमता' या कल्पनेचा आधार घेतात, म्हणजे एखाद्या स्थळाची माती, पाणी, वनस्पती, वास्तू आणि तेथील लोकांचे दैनंदिन जगणे बिघडू न देता तेथे एका वेळी किती माणसे येऊ शकतात, याचा अंदाज बांधतात. हा अंदाज शास्त्राच्या मदतीने बांधता येतो. पण त्या संख्येनंतर येणाऱ्या माणसाला परत पाठवणे हे शास्त्राचे काम नव्हे. त्यासाठी लोक मानतील अशी सत्ता लागते, आणि अशी सत्ता उभी करण्याचा दीर्घ अनुभव या प्रदेशात धर्माने आणि लोकाचाराने घेतलेला आहे.

सह्याद्रीतील देवराया हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. देवाच्या नावाने राखलेल्या या रानांत कुऱ्हाड चालवायची नाही, कित्येक ठिकाणी तर पडलेले वाळके लाकूडही घरी न्यायचे नाही, असा दंडक होता. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील या रायांचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा आसपासचे डोंगर उघडे पडलेले असताना मूळ वनाचे नमुने नेमके याच तुकड्यांत तग धरून राहिल्याचे पुढे आले. रायांच्या आत अनेकदा झरा किंवा ओढ्याचा उगम असतो आणि खालच्या वाडीचे पाणी त्यावर अवलंबून असते, त्यामुळे देवाचे भय आणि पाण्याची निकड यांची सांगड तेथे शतकानुशतके घट्ट राहिली.

मालवण तालुक्यातील आचरे या गावाची गावपळण त्याहूनही विचार करायला लावणारी आहे. ठरावीक वर्षांच्या अंतराने ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेतला जातो, आणि कौल मिळाला की सारे गाव गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री यांच्यासह वेशीबाहेर पडते. तीन दिवस, तीन रात्री गावकरी सीमेपलीकडे झापांच्या आडोशाला राहतात आणि पुन्हा कौल मिळाल्यावरच परततात. चिंदर, वायंगणी या शेजारच्या गावांतही ही रीत आहे. तिच्यामागील समजुतींविषयी मतभेद असू शकतात, परंतु जो समाज आपल्या मालकीच्या घरादारातून, शेतापाणंदीतून सामुदायिक निर्णयाने बाहेर पडू शकतो, त्याला एखादी जागा काही काळ मोकळी सोडण्याची कल्पना कोणत्याही पर्यटन-तज्ज्ञाने नव्याने शिकवण्याची गरज नाही. अलीकडे मात्र गावपळण हाच कॅमेऱ्यांचा विषय झाला आहे, आणि गाव रिकामे करण्याची रीत पाहायला बाहेरची माणसे गावात येऊ लागली तर त्या रीतीचे काय उरेल, याचा विचार चित्रफीत टाकणाऱ्याने करायला हवा.

धर्माच्या या सामर्थ्याचे कौतुक करताना त्याची दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मर्यादा घालण्याचा हाच अधिकार जातीच्या नावाने माणसांना देवळाबाहेर ठेवण्यासाठीही वापरला गेला. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. अनेक देवरायांत आणि देवळांत स्त्रियांवर बंधने होती व काही ठिकाणी ती अजून आहेत. शिवाय श्रद्धेची गर्दी आपोआप शहाणी असते असेही नाही. वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविकांचे प्राण गेले, तेव्हा रील नव्हते. आणि आज देवरायांवर सर्वांत मोठा घाव बहुतेकदा भक्तीच घालते: जुन्या कौलारू देवळीच्या जागी सभामंडप, फरशी, वाहनतळ आणि कमान उभी करण्यासाठी जीर्णोद्धाराच्या नावाने त्याच देवाची झाडे तोडली जातात आणि वर्गणीदारांच्या नावांची पाटी झाडांच्या जागी उभी राहते. ज्या देवतेला उघड्यावर, झाडांच्या सावलीत, शेंदूर फासलेल्या तांदळ्याच्या रूपात राहणे पिढ्यान्‌पिढ्या रुचले, तिला काँक्रीटच्या छताची ओढ लागली आहे, असे मानण्यास परंपरेत कोणताही आधार नाही.

समाजमाध्यमांचे वेगळेपण गर्दीच्या आकारात नाही, तिच्या घडणीत आहे. यात्रेला जाणाऱ्याच्या मागे गाव, कूळ, दिंडी किंवा नवस असतो आणि त्याच्या वागण्याला कोणीतरी साक्षी असतो. पडद्यावरील चित्रफितीच्या मागे निघालेला माणूस एकटा असतो, मग त्याच्या आजूबाजूला हजार माणसे का असेनात. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली आणि त्यानंतरच्या काही दिवसांतच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. तेव्हापासून काही सेकंदांच्या चित्रफिती हेच स्थळांच्या प्रसिद्धीचे मुख्य साधन झाले आहे. कोणती चित्रफीत कोणाला दाखवायची हे अल्गोरिदम, म्हणजे प्रेक्षकाच्या आवडीनिवडीवरून पुढचा मजकूर निवडणारी गणिती पद्धत, ठरवते. ज्यावर अधिक काळ नजर खिळते ते ती पुढे ढकलते. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो, वाटेतल्या वाडीला पिण्याचे पाणी पुरत नाही, हे तिच्या गणितात बसत नाही. त्यात 'जिओटॅग', म्हणजे छायाचित्राला जोडलेली जागेची अचूक खूण, मिळाली की वाटाड्याची गरज संपते आणि वाटाड्याबरोबर त्याने दिलेली सूचनाही जाते. जुलै २०२४ मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्याच्या दरीत चित्रीकरणासाठी गेलेल्या तरुणीचा झालेला मृत्यू, आणि १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे पर्यटकांच्या भाराने कोसळलेला इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल आणि त्यात गेलेले चार जीव, या घटना वेगवेगळ्या कारणांनी घडल्या. पण दोन्ही ठिकाणी येणाऱ्याला वेळीच अडवणारे कोणी नव्हते. अशा प्रसंगानंतर जिल्हाधिकारी जमावबंदीचे आदेश काढतात, आणि ते आवश्यकही असतात, परंतु अपघातानंतरची बंदी ही मर्यादा नव्हे. ती मर्यादा नसल्याची कबुली आहे.

काजव्यांच्या बाबतीत हे नुकसान अधिक सूक्ष्म आहे आणि म्हणून अधिक वेदनादायक. मे अखेरीस, पाऊस उंबरठ्यावर असताना, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर हजारो काजवे लुकलुकतात. तो प्रकाश म्हणजे नर आणि मादी यांचा परस्परांना दिलेला मीलनाचा संकेत असतो आणि प्रौढ काजव्याच्या काही दिवसांच्या आयुष्यात त्याला दुसरे महत्त्वाचे काम नसते. मोटारींचे दिवे, मोबाइलची विजेरी आणि गवतात शिरणारे पाय यांमुळे हे संकेत पुसले जातात व जमिनीलगत बसलेल्या माद्या चिरडल्या जातात. येथे गंमत पाहायला आलेला माणूस नेमके तेच संपवतो जे पाहायला तो आला आहे, आणि छायाचित्रात त्यातले काहीच दिसत नाही.

काय शक्य आहे याचे उत्तर कास पठारावर शोधता येते, कारण तेथे यश आणि चूक दोन्ही उघडपणे घडले आहे. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेले हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. जांभ्या खडकाच्या या सड्यावर मातीचा थर अतिशय पातळ, काही ठिकाणी बोटभरच, आणि त्यावर ८५०हून अधिक वनस्पतींची नोंद आहे. भाद्रपदाच्या सुमारास तेरडा, गेंद, सीतेची आसवे यांचे गालिचे पसरतात आणि काही वर्षांच्या अंतराने टोपली कारवी फुलते. छायाचित्रे पसरली, गर्दी उसळली, फुलांवर लोळून चित्रे काढली गेली. तेव्हा वन विभाग आणि परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या यांनी प्रवेशशुल्क, दिवसाला सुमारे तीन हजारांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि वाहने दूर थांबवण्याची व्यवस्था लागू केली. पहारा आणि माहिती देण्याचे काम गावातल्याच तरुणांना मिळाले. याच प्रयत्नात पठाराभोवती जाळीचे कुंपणही घातले गेले आणि गुरांचे चरणे थांबले. काही वर्षांत गवत माजले, फुले उणावली, अशी तक्रार गावकरी आणि काही वनस्पती-अभ्यासकही करू लागले, आणि अखेर कुंपण काढण्यात आले. पर्यटकाला अडवताना गुराख्यालाही अडवले गेले, पण फुलांचे ते रान गुराख्याच्या गुरांनीही घडवलेले होते. संस्कृती म्हणजे केवळ नृत्य, पोशाख आणि खाद्यपदार्थ नव्हेत. जमीन वापरण्याची रोजची रीत हीही संस्कृतीच आहे आणि तिला बाजूला सारून केलेले संवर्धन फसते, हे कासने दाखवून दिले. सरकारी यंत्रणेने घातलेले कुंपण काढण्याइतका मोकळेपणा दाखवला, ही गोष्ट विशेष नोंदवण्याजोगी आहे.

मंडणगड तालुक्यातील वेळास येथे गोष्ट अधिक साधी राहिली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२च्या सुमारास तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले, अंडी चोरण्याची सवय संवादातून मोडली आणि पुढे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरचे जेवण जेवतात, आणि पिल्ले वाळूतून बाहेर येतील तेव्हाच ती पाहतात. एखाद्या दिवशी एकही पिल्लू बाहेर येत नाही आणि पाहुण्याला ते मान्य करावे लागते. पैसा थेट घरात येतो आणि वेळ कासव ठरवते. पंढरीच्या वारीतही शिस्तीचे बळ आहेच: दिंड्यांचे क्रमांक, चोपदार, तळ, मुक्काम यांची घडी शतकाहून अधिक काळ टिकली आहे आणि अलीकडे 'निर्मल वारी'सारख्या प्रयत्नांतून मुक्कामांच्या गावी शौचालयांची व्यवस्था त्यात जोडली गेली. मात्र ज्या इंद्रायणीच्या काठावरून माउलींची पालखी निघते तिच्यावर रासायनिक फेस तरंगत असतो आणि तो वारकऱ्यांनी आणलेला नसतो, हे लक्षात न घेता केवळ भाविकांच्या शिस्तीवर बोलणे अन्यायाचे आहे.

११ जुलै २०२५ रोजी रायगड, राजगड, साल्हेर, सिंधुदुर्ग आदी ११ किल्ले तमिळनाडूतील जिंजीसह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. शिवछत्रपतींविषयीच्या भक्तीमुळे गडांवर वर्षानुवर्षे स्वेच्छेने श्रमदान करणारी मंडळे आहेत, ही या भूमीची मोठी ठेव. पण दिवाळीच्या सुट्टीत अरुंद दरवाजांवर आणि खोदीव पायऱ्यांवर येणारा भार त्याच भक्तीच्या नावाने वाढणार आहे. पायथ्याच्या गावाला या मानाचा वाटा केवळ भजी आणि पाण्याच्या बाटल्या विकण्यापुरता मिळणार, की गडावर किती माणसे सोडायची या निर्णयातही मिळणार, हे अजून ठरायचे आहे.

त्यासाठी कायद्याचा आधार अजिबात नाही असे नव्हे. वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ हा ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क देतो, आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने तो २००९ साली मिळवूनही दाखवला. जैविक विविधता अधिनियम, २००२ खाली जैवविविधता वारसा स्थळे घोषित करता येतात. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील जायफळवर्गीय वृक्षांच्या दलदलीची राई, जी गावाने देवाच्या नावाने राखली होती, तिला हा दर्जा मिळाला आहे. राज्याच्या पर्यटन धोरणात एवढी एक अट घालता येईल की कोणत्याही नव्या स्थळाची शासकीय जाहिरात, महोत्सव किंवा रस्ता यांच्या आधी त्या ग्रामसभेने दिवसाची संख्या, बंद ठेवण्याचे महिने आणि शुल्काचा विनियोग यांचा ठराव केलेला असावा. त्या सभेत स्त्रिया आणि वाडीवस्तीवरील सर्व जातींची माणसे बसलेली असावीत. आणि जो धबधबा, जी राई किंवा जो सडा दाखवायचा नाही असे ती ठरवेल, त्याचे नाव नकाशावर, पत्रकात किंवा शासनाच्या समाजमाध्यम खात्यावर टाकले जाऊ नये.