मेलेल्या माशांचाही पंचनामा व्हायला हवा

पंचगंगेत मासे मेल्याची बातमी आता आपल्या जिल्ह्यात कोणाला धक्का देत नाही. तेरवाड, शिरोळ या बंधाऱ्यांजवळ माशांचा खच पडतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, पाण्याचे नमुने घेतल्याचे सांगितले जाते आणि चार दिवसांत सगळे शांत होते. मासे कशाने मेले आणि दोषी कोण, ही पुढची बातमी क्वचितच वाचायला मिळते. शिरोळ तालुक्यात नदीकाठी गळ टाकून बसणाऱ्या आम्हा हौशी मंडळींच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. आमची मागणी एवढीच आहे, की मासे मेले की त्यांच्या मृत्यूची रीतसर चौकशी व्हावी आणि निष्कर्ष लोकांसमोर यावा.

कोल्हापूरच्या जयंती नाल्यापासून इचलकरंजीच्या काळ्या ओढ्यापर्यंत पंचगंगेत काय काय मिसळते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात शहरांचे मैलापाणी आले, कापड प्रक्रिया उद्योगांचे रंगीत पाणी आले आणि गळीत हंगामात मळीमिश्रित पाण्याच्या तक्रारीही आल्या. पावसाळा संपला की पाणी अडवायला बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे फळ्या, घातले जातात आणि ही सगळी घाण त्या फुगवट्यात साचून कुजते. मग बरगे काढले, की ते काळे पाणी एकदम खाली सुटते. खालच्या डोहातल्या माशांना पळायलाही वाव उरत नाही.

काठावर रोज बसणाऱ्याला याची चाहूल आधी लागते. आदल्या संध्याकाळी गळाची दोरी बुळबुळीत होऊन बाहेर येते आणि हाताला आंबूस वास लागतो. पहाटे चिलापी आणि रोहू पाण्याच्या वर तोंड काढून आ वासू लागतात. झिंगे आणि खेकडे पाणी सोडून दगडांवर चढतात. पाण्यातला प्राणवायू संपत आल्याची ही खूण आहे. मत्स्यजीवनासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 4 मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. शेवाळ आणि जलपर्णी माजलेल्या पाण्यात तो पहाटे सर्वांत कमी असतो आणि ऊन चढले की वाढतो. त्यामुळे दुपारी घेतलेला नमुना पहाटेचे सत्य सांगत नाही. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात तर पाणीच वेगळे असते, कारण मारणारे पाणी तोवर नृसिंहवाडीच्या संगमापुढे कृष्णेत गेलेले असते.

मृत मासा मात्र पुरावा म्हणून काठावरच पडलेला असतो, आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. कोणते मासे मेले यावरूनही कारणाचा अंदाज येतो. मरळ पाण्याबाहेरची हवाही घेऊ शकते. रोहू-कटला मेले आणि मरळ तगली, तर प्राणवायू संपल्याची शंका घ्यावी. मरळीसकट सगळेच मेले, तर विषारी रसायनाची शक्यता आधी तपासावी. ताजे मासे बर्फात ठेवून कल्ले आणि मांस प्रयोगशाळेत तपासले, तर बरेच काही कळू शकते. मेलेले मासे खड्ड्यात पुरून टाकणे म्हणजे पुरावाच पुरणे आहे.

यात आरोग्याचा प्रश्नही आहे. मासे तडफडू लागले की बुट्ट्या, पोती घेऊन माणसे नदीवर धावतात. त्यातले काही मासे घरी शिजतात आणि काही बाजारात जातात. शिजवल्याने जंतू मरतात, पण शिसे, पारा, कॅडमियम यांसारखे धातू मात्र तसेच राहतात. अन्नसुरक्षेच्या नियमांत माशांतील या धातूंच्या मर्यादा ठरलेल्या आहेत, पण आमच्या नदीतला मासा त्या मर्यादेत आहे की नाही, हे आम्हाला कोणीच सांगत नाही. जपानमधल्या मिनामाता येथे पारा पोटात गेलेले मासे खाऊन माणसे पंगू झाली. 1956 साली आजार उघड झाला आणि सरकारने कारण अधिकृतपणे मान्य करायला 1968 उजाडले. आपल्याकडे तेच घडते आहे असा माझा दावा नाही. पण तपासणीच केली नाही तर ते घडत नाही असेही म्हणता येत नाही. दूषित पाण्याची किंमत तर आपण मोजलेली आहे. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली.

कारखान्यांवर बोट ठेवले की ऊस उत्पादकांच्या पोटावर पाय येईल, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद मला मान्य नाही. ज्याच्या उसावर कारखाना चालतो, तोच शेतकरी याच नदीचे पाणी जनावरांना पाजतो. शिवाय दोष एकट्या कारखान्यांचा नाही. प्रक्रिया न करता मैलापाणी सोडणाऱ्या महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतीही तितक्याच जबाबदार आहेत. खरे कारण शोधले तरच निर्दोषाला दोष लागणार नाही, म्हणून प्रामाणिकपणे चालणाऱ्या उद्योगांनीही या मागणीला पाठिंबा द्यायला हवा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. मासे मेल्याची खबर मिळताच काही तासांत वरच्या आणि खालच्या बंधाऱ्यांवरचे आणि मधल्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी असलेले पाणी तपासावे. मत्स्यव्यवसाय विभागाने मृत माशांचे नमुने घ्यावेत. अहवाल ठरलेल्या मुदतीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा आणि त्यात मासे खावेत की नाही, हे स्पष्ट लिहावे. बरगे काढण्याची सूचना खालच्या गावांना आधी मिळावी. यासाठी नवा कायदा नको. नदीत विषारी द्रव्य सोडण्यास 1974 च्या जल प्रदूषण कायद्याने मनाई केलेलीच आहे. केंद्रीय मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशात सर्वाधिक, म्हणजे 55 प्रदूषित नदीपट्टे महाराष्ट्रात होते. कायदा असूनही हा आकडा येतो, याचा अर्थ अंमलबजावणी कमी पडते.

काठावरच्या वाचकांनाही विनंती आहे. तरंगणारा मासा उचलू नका, विकू नका. दिवस, वेळ आणि जागा लिहून ठेवा, छायाचित्र काढा आणि लेखी तक्रार देऊन पोच घ्या. जल प्रदूषण कायद्याच्या कलम 49 नुसार 60 दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही न्यायालयात दाद मागू शकतो. पुढच्या वेळी मासे मेले तर आपण तो अधिकार वापरू या.

— एक वाचक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर