भय चिन्यांचे की अंधाराचे?

ज्या देशात दर चौरस किलोमीटरमागे जेमतेम सात-आठ माणसे राहतात, त्या देशास आपली भूमी परक्यांच्या हाती जाईल अशी धास्ती वाटावी, हे वरवर पाहणाऱ्यास विचित्र वाटेल. कझाकस्तानचे क्षेत्रफळ सुमारे २७ लाख चौरस किलोमीटर असून लोकसंख्या दोन कोटींच्या थोडी वर आहे. तरीही परकीयांस शेतजमीन दहाऐवजी पंचवीस वर्षांच्या खंडाने देण्याची तरतूद अमलात येण्याची वेळ जवळ येताच, एप्रिल २०१६ मध्ये अतिराऊ येथे व मागोमाग अक्तोबे आणि सेमेय येथे मोठे जमाव रस्त्यावर उतरले. तरतूद सर्वच परकीयांसाठी होती. लोकांच्या तोंडी नाव मात्र चीनचेच होते. सप्टेंबर २०१९ मध्ये झानाओझेन या तेलनगरीत चिनी भांडवलाच्या ५५ कारखान्यांच्या योजनेवरून पुन्हा निदर्शने झाली. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले आणि मे २०२१ मध्ये परकीयांस शेतजमीन विकण्यास अथवा खंडाने देण्यास बंदी करणारा कायदा झाला.

या भयास आधार किती? केवळ आकड्यांवरून पाहिले तर फारच थोडा. परवाने घेऊन काम करणाऱ्या चिनी कामगारांची अधिकृत संख्या काही हजारांपलीकडे जात नाही. नोव्हेंबर २०२३ पासून दोन्ही देशांच्या नागरिकांना तीस दिवस विनाव्हिसा ये-जा करता येते. पण ती मुभा प्रवासाची आहे, वसाहतीची नव्हे. चिनी पुरुष कझाक मुलींशी विवाह करून जमिनी बळकावतील, या वावड्यांना तर अफवेपलीकडे किंमत देता येत नाही.

परंतु लोकांचे भय आकड्यांतून जन्मत नाही. ते स्मृतीतून जन्मते. १९३० च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत सत्तेने भटक्या पशुपालकांवर सामुदायिकीकरण लादले आणि त्यातून उद्भवलेल्या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसे मेली. लाखोंनी देश सोडला. १९५४ पासून पडीक गवताळ जमिनी नांगराखाली आणण्यासाठी रशियन आणि युक्रेनियन वसाहतकारांचे लोंढे तेथे आणले गेले. १९५९ च्या जनगणनेत कझाक लोक आपल्याच भूमीत केवळ तीस टक्क्यांच्या आसपास उरले होते. हे सारे बीजिंगने नव्हे, मॉस्कोने केले. पण जो समाज एकदा स्वतःच्या घरात पाहुणा ठरला, तो दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिणार, यात नवल ते काय? त्यातच १९६२ साली, जे साल भारतीय वाचकास निराळ्या कारणाने स्मरते, शिनजियांगमधून साठ हजारांहून अधिक लोक सीमा ओलांडून सोव्हिएत कझाकस्तानात आले. पुढे मॉस्को आणि बीजिंग यांचे वैर पेटले, तेव्हा शेजाऱ्याविषयी संशय बाळगण्याचे पाठ दोन पिढ्यांना सरकारनेच पढवले.

आजचे दुःख त्याहून जवळचे आहे. शिनजियांगमध्ये सुमारे १५ लाख कझाक वंशाचे लोक राहतात. २०१७ पासून तेथील छावण्यांत ज्यांना कोंडण्यात आले त्यांत उइगुरांबरोबर कझाकही होते, आणि त्यांचे सख्खे नातलग अल्माटीत त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. अशा वेळी सरकारने काय केले? या पीडितांच्या कहाण्या गोळा करणारे सेरिकझान बिलाश यांस मार्च २०१९ मध्ये अटक केली. २०१६ च्या आंदोलनातील माक्स बोकायेव व तलगत अयान यांस तर पाच-पाच वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली होती. जो प्रश्न विचारतो त्याला तुरुंग, आणि जो विचारीत नाही त्याला 'भिऊ नका' असा उपदेश! अशा उपदेशावर कोण विश्वास ठेवील?

म्हणून आमचे मत असे की, कझाकांचे खरे भय चिनी माणसाचे नसून आपल्या राज्यकर्त्यांच्या मौनाचे आहे. मात्र या भयाचे आम्ही कौतुकही करू इच्छित नाही. चीनशी आपले बरे नाही एवढ्यावरून आपल्याकडील काही मंडळींना या निदर्शनांत आनंद वाटतो. तो अनाठायी आहे. संशय एकदा मोकाट सुटला की तो बलवान शेजाऱ्याच्या वाटेस जात नाही. तो दुबळ्यावर कोसळतो. चीनमधून मायदेशी परतलेल्या कझाकांनाच 'चिनी' म्हणून हिणवले जाते. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी चीनमधून आलेले दुंगन मुसलमान तर पिढ्यान्‌पिढ्या तेथेच नांदत आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये कोरदाई भागात एका स्थानिक भांडणातून त्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. अकरा माणसे प्राणांस मुकली आणि त्यांतील बहुतेक दुंगन होती. त्या दंगलीची कारणे स्थानिक होती हे खरे. पण 'परका' ठरवलेल्या माणसाचे घर किती लवकर पेटते, हे तिने दाखवून दिले.

चीन हा कझाकस्तानचा शेजारी आहे आणि शेजारी बदलता येत नाही. सुमारे १,८०० किलोमीटरची सीमा, तेलाच्या व वायूच्या वाहिन्या आणि खोर्गोसचे व्यापारी नाके हे वास्तव घोषणांनी पुसले जाणार नाही. उपाय एकच आहे. चिनी कंपन्यांशी झालेले करार जनतेसमोर मांडावेत, एकाच कामाला स्थानिक आणि चिनी कामगारांस एकच वेतन मिळावे, आणि विरोध करणाऱ्यास सभा भरवण्याचा हक्क असावा. २०२१ च्या कायद्याने जमीन सुरक्षित झाली असेल. विश्वास मात्र कायद्याने निर्माण होत नाही. तो हिशेब उघड ठेवणाऱ्या सरकारलाच मिळतो.