उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रयोग

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला लंबकाचा प्रयोग असतो. 'जी'चे, म्हणजे गुरुत्वत्वरणाचे, मूल्य ९.८ यायला हवे, हे विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत शिरण्याआधीच ठाऊक असते. त्याचे ९.५ येते. मग तो शेजाऱ्याच्या जर्नलमध्ये डोकावतो, उलटे गणित करून रीडिंग जुळवतो आणि सही मिळवतो. खरे भौतिकशास्त्र तर त्या ९.५ मध्येच होते. दोऱ्याची लांबी गोलकाच्या मध्यापर्यंत मोजली, की नुसती हुकापर्यंत? झोका फार मोठा दिला गेला का? हे त्याला कोणी विचारतच नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीचे चौथे वर्ष संशोधनासाठी खुले केले आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला प्रबंध लिहिता येईल. राज्यातील स्वायत्त महाविद्यालये २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालये त्यानंतर या वाटेवर आली. पाऊल स्वागतार्हच आहे. पण तीन वर्षे रीडिंग जुळवण्यात तरबेज झालेला मुलगा चौथ्या वर्षी तेच अधिक सफाईने करील, ही आमची खरी काळजी आहे.

वेगळे घडू शकते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' हा उपक्रम २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम देतो. मात्र अशा उपक्रमांत जागा मोजक्याच असतात. म्हणून काम महाविद्यालयातच सुरू व्हायला हवे, आणि त्याला कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. पुठ्ठा आणि ॲल्युमिनियम फॉइलचा भोंगा, एक ॲम्प्लिफायर आणि संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर एवढ्या सामग्रीवर आकाशगंगेतील हायड्रोजनचे १४२० मेगाहर्ट्झचे संकेत गच्चीवरून टिपता येतात. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेनाही हायड्रोजनचे असे संकेत टिपतात. गच्चीवर पहिल्या दिवशी बहुधा नुसता गोंगाटच मिळेल. तो मोबाइल टॉवरचा, की आपल्याच लॅपटॉपच्या चार्जरचा, हे शोधताना मुले जे शिकतील ते कोणत्याही जर्नलात सापडणार नाही.

या वाटेवरचे खाचखळगेही मुलांना सांगायला हवेत. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज जातात. कनिष्ठ संशोधकाची पाठ्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली, पण ती वेळेवर हाती पडेलच असे नाही. दुसरीकडे, यंत्रे घडवणारे, विदा हाताळणारे, उपकरणे चालती ठेवणारे यांच्यावाचूनही विज्ञान अडते. हे पेशे पदवीच्या मुलांनी पाहिलेलेच नसतात.

प्रश्न शिकवणाऱ्यांचाही आहे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला व्याख्यानाचे पैसे मिळतात. संध्याकाळी विद्यार्थ्याबरोबर बिघडलेले सर्किट तपासत बसण्याचे कोण देणार? रिक्त जागा कायमस्वरूपी भरल्याखेरीज संशोधनाचे वर्ष कागदावरच राहील. ते काम सरकारचे. अभ्यास मंडळांना मात्र सरकारची वाट पाहायची गरज नाही: येत्या सत्रापासून प्रात्यक्षिक परीक्षेचे निम्मे गुण त्रुटीच्या विश्लेषणाला द्यावेत, आणि ९.५ का आले हे नीट सांगणाऱ्याला ते पूर्ण मिळावेत.