तिकोनी काचेची इटालियन

इटालियन मोटार म्हटली की डोळ्यांसमोर लाल फेरारी येते. आपल्या भुसावळच्या रस्त्यांना ओळखीची इटालियन म्हणजे फियाट. फियाटचे अभियंते दान्ते जिआकोझा यांच्या ११०० मॉडेलचा वंश वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला कारखान्यात वाढला आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणून मिरवला. इंजिन जेमतेम १०८९ सीसीचे, पण आखणी चोख! गिअर स्टिअरिंगपाशी, म्हणून पुढच्या सलग सीटवर तिघे मावत. दाराची तिकोनी काच फिरवली की मे महिन्यातही वारा थेट अंगावर. गरम का होईना, वाराच तो! २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तुमच्या शेडमध्ये एखादी धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी हा अंक जरूर वाचा.