जुना कॉम्प्युटर, नवी विंडोज: आधी अमानत सांभाळा



"कॉम्प्युटरवर सारखी सूचना येते की विंडोज १० चा सपोर्ट संपला. मुलगा म्हणतो नवा लॅपटॉप घ्या. दुकानदार म्हणतो, आणून द्या, अकरा टाकून देतो. आम्ही काय करावं?" या ना त्या शब्दांत हाच प्रश्न हल्ली कानावर येतो. म्हणून या वेळी त्याच्याबद्दलच बोलू.

पहिली गोष्ट, घाबरू नका. २०१५ साली आलेल्या विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. तो कालसारखाच चालू होतो. फरक एवढाच की विंडोजमध्ये सापडणाऱ्या नव्या त्रुटी बुजवणारे मोफत सुरक्षा अपडेट आता येत नाहीत. घराला कुलूप आहे, पण ते बिघडलं तर दुरुस्त करायला कोणी येणार नाही, असं समजा. त्या मशीनवर कोणी फक्त टायपिंग करत असेल आणि इंटरनेट जोडलेलं नसेल, तर धोका कमी आहे. पण त्यावरूनच बँकेचे व्यवहार, स्कॉलरशिपचे अर्ज, आधारची कामं होत असतील, तर काहीतरी करायलाच हवं. नुसता अँटीव्हायरस टाकून ही उणीव भरून निघत नाही.

मात्र काहीही करण्यापूर्वी माझ्या घरची गोष्ट ऐका.

काही वर्षांपूर्वी आमचा कॉम्प्युटर विंडोज ७ वरून १० वर न्यायचा होता. मी तो एका दुकानात दिला. तिथल्या मुलानं विचारलं, "डेटा आहे का काही?" मी बिनधास्त म्हणालो, "सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, सी खुशाल फॉरमॅट कर." संध्याकाळी मशीन झकास होऊन आलं. डी ड्राइव्ह जसाच्या तसा होता. पण एका रमजानमध्ये अब्बांच्या आवाजात रेकॉर्ड केलेली तिलावत सापडेना. ते फोल्डर होतं डेस्कटॉपवर. आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळं मुळात सी ड्राइव्हमध्येच असतं, हे मला ठाऊक नव्हतं. अब्बांचा इंतकाल होऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. अम्मी काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. पुढे फुफींच्या फोनवर एक रेकॉर्डिंग सापडलं, चार मिनिटांचं. बाकी गेलं ते गेलं.

दुकानातल्या मुलाची चूक नव्हती. त्यानं विचारलं होतं. चूक माझी होती. घरच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यांच्या अमानती असतात: मुलीचे प्रोजेक्ट, निकाहचे फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, गेलेल्या माणसांचे आवाज. म्हणून अपग्रेडची पहिली पायरी विंडोज नाही, बॅकअप आहे.

बॅकअप असा घ्या. बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह लावा. सी ड्राइव्हमध्ये 'युजर्स' नावाचं फोल्डर असतं, त्यात घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर असतं. ते सगळे कॉपी करा. मग डी, ई असे जे ड्राइव्ह असतील ते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वहीत उतरवून घ्या. कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फोटो आणि एखादं रेकॉर्डिंग उघडून बघा. उघडलं तरच बॅकअप झाला म्हणायचं. शेवटी घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा, "तुमचं काही राहिलं का?" माझ्याकडून हाच प्रश्न राहून गेला होता.

आता मशीन तपासू. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूट चालवू शकणारं मशीन लागतं. शिवाय प्रोसेसरही मान्य यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. पिढी ओळखणं सोपं आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे प्रोसेसरचं नाव दिसतं. आय ५ नंतर ७२०० असेल तर सातवी पिढी, ८२५० असेल तर आठवी. सगळं एकदम तपासायचं तर मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप आहे. ते थेट हो किंवा नाही सांगतं. प्रोसेसर चालणारा असूनही 'टीपीएम नाही' असं उत्तर आलं तर लगेच निराश होऊ नका. कित्येक मशीनमध्ये ती सोय असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावानं ती सापडते. जुनं मशीन 'लेगसी' पद्धतीनं सुरू होत असेल, तर आधी डिस्कची रचना बदलावी लागते. ते न करता बायोसमधली सेटिंग बदलली तर विंडोज सुरूच होणार नाही. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

उत्तर काय येतं त्यावर तीन वाटा आहेत.

पहिली वाट: मशीन पात्र आहे. तुमची विंडोज १० अस्सल असेल तर ११ मोफत मिळते. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधूनच अपग्रेड करा. अशा अपग्रेडमध्ये फाइल आणि प्रोग्राम जागच्या जागी राहतात. दुकानात 'फ्रेश टाकून देतो' म्हणतात, तेव्हा मात्र सी ड्राइव्ह पुसला जातो, हे ध्यानात असू द्या. मशीन फार संथ असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. नव्या विंडोजपेक्षा त्यानंच जास्त फरक पडतो. अकरा आल्यावर डिस्कचं एन्क्रिप्शन चालू आहे का तेही बघा. चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. ती हरवली तर डिस्क उघडणं मुश्कील.

दुसरी वाट: मशीन पात्र नाही आणि सध्या खर्चही शक्य नाही. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ती पैसे न देताही मिळते. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. हा इलाज नव्हे, मुदतवाढ आहे. तेवढ्यात पुढची सोय बघा.

तिसरी वाट: लिनक्स. नाव ऐकून बिचकू नका. लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली दिसायला विंडोजसारखीच आहे आणि ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवरही बरी चालते. मुलांचा अभ्यास, ब्राउझर, व्हिडिओ, लिबरऑफिसमध्ये पत्रं आणि हिशेब, एवढ्याला ती पुरते. तिची मोठी सोय म्हणजे ती पेन ड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता चालवून बघता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग सगळं चालतंय ना, ते बघा. पटलं तरच बसवा.

आपल्या घरांत एक वेगळी अडचण असते. अनेकांकडे उर्दू मजकूर इनपेजमध्ये आणि मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये पडून असतो. इनपेज विंडोजचा प्रोग्राम आहे, लिनक्समध्ये सरळ चालत नाही. जुने मराठी फॉन्ट नव्या मशीनवर नसतील तर अक्षरांऐवजी भलतंच काही दिसतं. म्हणून जुनी मशीन चालू आहे तोवरच महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ करून ठेवा. फॉन्टच्या फाइलीही बॅकअपमध्ये घ्या. हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांनी लिनक्सकडे जाण्याआधी त्याची नीट चौकशी करावी.

शेवटी एक नाजूक गोष्ट. "थोड्या पैशांत फुल व्हर्जन टाकून देतो" असं सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. ती चोरीची विंडोज असते. फतवा देणं माझं काम नाही, पण दुसऱ्याचा हक डावलून आणलेली वस्तू घरात असावी का, हे प्रत्येकानं आपल्या मनाला विचारावं. व्यवहाराचं म्हणाल तर असं कुलूप तोडणाऱ्या प्रोग्राममधून व्हायरसही येतात. ज्या सुरक्षेसाठी अपग्रेड केलं, तिलाच दाराबाहेर काढल्यासारखं होतं. पैसे नसतील तर लिनक्स आहे. तिच्यात कोणाचा हक मारला जात नाही.

आणि जुनं मशीन लगेच भंगारात देऊ नका, तो इस्राफ होईल. डिस्क नीट पुसून, लिनक्स टाकून गरजू विद्यार्थ्याला दिलं तर त्याची दोन-तीन वर्षं निघतील. घरातलं काही पुसायचं राहिलं नाही ना, एवढं बघून द्या.

या रविवारी तासभर काढा. अपग्रेड पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल, पण बॅकअप या रविवारीच घ्या. आमच्या घरात ती चार मिनिटं आता तीन ठिकाणी जपून ठेवली आहेत. अम्मी ती दर जुम्याला ऐकतात.